मागच्या बाकावरचे दिवस

रविवारी तुम्ही उपासनेला बसलेले असता. गीताचा क्रमांक सांगितला जातो, पान सापडतं, सूरही बरोबर लागतो, आणि तरी आत काहीच हलत नाही. पाळक प्रार्थनेला उभे राहतात, तुम्ही डोळे मिटता, आणि पूर्वी जिथे कुणीतरी असल्याची खात्री असायची तिथे आता नुसता अंधार असतो. रात्री कुटुंबप्रार्थना होते, आमेन होतो, दिवा मालवतो. मग छताकडे बघत पडल्यावर मनात येतं, इतकी वर्षं आपण ज्याच्याशी बोललो तो निघून गेला का? आणि गेला असेल तर काही न सांगता का गेला?

ज्याला देव कधी जवळचा वाटलाच नाही त्याला हा प्रश्न पडत नाही. रोज येणारं माणूस आलं नाही तरच दार उघडं ठेवून वाट बघितली जाते.

माझ्या वाट्याला हे दिवस आले ते नवरा गेल्यावर. त्यांच्या आजारपणात मंडळीने साखळी प्रार्थना ठेवली होती. घराघरांनी तास वाटून घेतले होते. पहाटे तीनचा तास एका कॉलेजातल्या मुलाकडे होता आणि तो खरोखर गजर लावून उठायचा. एवढं सगळं होऊन ते गेले. त्यांच्या जाण्याचं दुःख होतंच, पण त्या साखळीचं काय झालं हे मला काही केल्या कळेना. भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, ‘तुझ्याच विश्वासात कुठेतरी कमी राहिलं असेल गं.’ त्या रविवारपासून मी पुढचा बाक सोडला आणि अगदी मागे, दाराजवळ बसू लागले. जवळजवळ वर्षभर मला स्वतःची अशी एकही प्रार्थना करता आली नाही.

देव का गप्प राहतो ते समजावून द्यायला मी बसलेले नाही. अशा दिवसांत माणसानं सकाळी उठून काय करावं, एवढंच सांगायचं आहे.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे आणि म्हणूनच आपण ती वगळतो. जेवा आणि झोपा. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत ऐकतो ती कर्मेल डोंगरावरच्या अग्नीपर्यंत, पण पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय त्यानंतरचा आहे. ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी दिली, हा मोठा संदेष्टा पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितलं. त्याला उत्तर म्हणून देवदूत आला तो उपदेश घेऊन आला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा त्याच्या उशाशी होता. एलीया जेवला, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरावरची देवाची भेट आणि ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न हे सगळं चाळीस दिवस पुढचं आहे. महिनोन्‌महिने दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपलेल्या बाईला देव दूर वाटला, तर आधी तिला चार रात्री सलग झोप मिळाली पाहिजे. प्रार्थनेचं नंतर बघू.

इथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, आपण नसलेलं बरं असं वारंवार वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. नैराश्य हा आजार आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेताना आपण कुणाला विश्वासाचं प्रमाणपत्र मागत नाही, मग या गोळ्यांसाठी का मागावं? जीव द्यावा असा विचार मनात येत असेल तर रविवारपर्यंत थांबू नका. घरातल्या कुणाला तरी आत्ताच सांगा आणि सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. देवाने टाकलं असं वाटणं आणि नैराश्य हे कधी एकमेकांत मिसळलेले असतात, कधी वेगळे असतात. हे एकट्यानं ठरवायचं नसतं.

आता तक्रारीबद्दल. या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला.

आपल्या घरांत देवापुढे तक्रार करायची नाही असं वळण असतं. साक्ष द्यायला उभं राहिलं की शेवट गोड करावा लागतो. मात्र स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात दाविदाने ‘किती काळ’ हाच प्रश्न चार वेळा विचारला आहे. त्र्याहत्तराव्यात आसाफ दुष्टांची भरभराट बघून पाय घसरायची वेळ आली होती असं कबूल करतो. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर असं आहे की मी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं तेव्हा पान छापायचं राहिलं की काय म्हणून पुढचं पान उलटून पाहिलं. त्यात शेवटी ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ असं वळण येत नाही. रात्रंदिवस हाका मारणारा, मित्र तुटलेला, तरुणपणापासून पिडलेला एक माणूस देवालाच विचारतो की तू तोंड का लपवलंस, आणि अंधारातच स्तोत्र संपतं. त्याच्या मथळ्यात ते मुख्य गवयासाठी असल्याचं लिहिलं आहे, म्हणजे ते सगळ्यांनी मिळून म्हणण्यासाठी होतं. देवाच्या लोकांनी हे मंदिरात गायलं आणि पवित्र शास्त्र बांधताना ते वगळलं नाही.

क्रूसावर येशूने टाहो फोडला तोही बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीनेच. मत्तय आणि मार्क या दोघांनी तो त्याच्या बोलीतल्या शब्दांसकट लिहून ठेवला. लपवायचा असता तर लपवता आला असता. पित्याने मला सोडलं, ही भावना ज्याला पापच वाटते त्याने गुड फ्रायडेची ती ओळ पुन्हा एकदा नीट ऐकावी.

विलाप कसा करायचा तेही स्तोत्रांतूनच शिकता येतं. आधी देवाला नावाने हाक मारायची. मग जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं: तारखा, दवाखान्याचं बिल, परत न आलेला फोन, सगळं. मग काय हवंय ते मागायचं. पूर्वी त्याने काय केलं होतं ते आठवत असेल तर त्याला त्याची आठवण द्यायची. आणि भरवशाचं एखादं वाक्य आतून येत असेल तर म्हणायचं, येत नसेल तर तिथेच थांबायचं. वहीत लिहिलं तरी चालेल. पण ज्या बोलीत तुम्ही आईशी भांडलात त्या बोलीत लिहा. वसईकडच्यांनी कादोडीत लिहावं, विदर्भातल्यांनी वऱ्हाडीत. पुस्तकी मराठीत माणूस देवासमोरही सावरून बसतो.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये एका दुपारी मी वाल सोलत बसले होते आणि मनातल्या मनात तावातावाने बोलत होते: पहाटे तीनला उठणाऱ्या त्या पोराचं तरी ऐकायचं होतंस. बराच वेळ गेल्यावर ध्यानात आलं की मी हे कुणाला तरी सांगते आहे. दहा महिन्यांत पहिल्यांदा मी ‘तू’ म्हटलं होतं. जवळीक परत आली नव्हती, पण बोलणं सुरू झालं होतं.

यानंतरची गोष्ट मदर तेरेसांची आहे आणि तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १९४६ साली दार्जिलिंगच्या रेल्वेप्रवासात त्यांना गरिबांमध्ये जाण्याची हाक ऐकू आली, १९५० मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटी ही संस्था मान्य झाली, आणि काम सुरू होण्याच्या सुमारासच आतला प्रकाश विझला. १९५८ च्या अखेरीस काही आठवडे तो परतला, पुन्हा गेला. बाकी जवळजवळ पन्नास वर्षं, १९९७ मध्ये डोळे मिटेपर्यंत, देव आहे अशी जाणीव त्यांना होत नव्हती. आपल्या मार्गदर्शक फादरांना लिहिलेली पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची विनंती होती. ती पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आली तेव्हा जगभर खळबळ उडाली. काहींनी त्यांना ढोंगी ठरवलं. मला मात्र ती बातमी वाचून रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

या अंधारात त्यांना सगळ्यात उपयोगी पडलेला माणूस पुण्यात शिकवत होता. फादर जोसेफ नॉयनर हे १९०८ मध्ये जन्मलेले ऑस्ट्रियन येशूसंघीय धर्मगुरू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून छावणीत ठेवलं होतं. त्यांचं पुढचं बहुतेक आयुष्य पुण्यात ईशज्ञान शिकवण्यात गेलं आणि २००९ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते वारले. १९६१ मध्ये ते कोलकात्यात सिस्टरांसाठी तपसाधना घ्यायला गेले असता मदर तेरेसा त्यांच्याशी बोलल्या आणि त्यांच्या सांगण्यावरून आपली अवस्था त्यांनी लिहून दिली. नॉयनर यांनी दिलेला सल्ला मी माझ्या शब्दांत सांगते. या अंधारावर माणसाच्या हातात उपाय नाही, म्हणून तो आपल्या चुकीमुळे आला असं समजून स्वतःला कोसत बसू नये. देव जवळ असल्याचं वाटणं हा तो जवळ असल्याचा एकमेव पुरावा नाही. देवाची जी तहान लागून राहिली आहे, तीच तो आत असल्याची खूण आहे. आणि हा अंधार त्यांच्या कामाचाच भाग आहे, कारण ज्यांना कुणीच नाही अशांमध्ये त्या राहत होत्या. त्यानंतर अंधार गेला नाही. पण त्या त्याच्याशी झुंजायच्या थांबल्या आणि त्याला आपला म्हणू लागल्या.

तहानेचा मुद्दा पुन्हा वाचा. तुम्हाला देवाची उणीव भासते आहे. ज्याचा विश्वास खरोखर संपला त्याला ही उणीव भासत नाही, तो रविवारी निवांत झोपतो. प्रार्थना जमत नाही म्हणून रात्री कूस बदलत राहणाऱ्याचा विश्वास मेलेला नाही, तो उपाशी आहे.

रोज करायच्या गोष्टींबद्दल सगळ्यात नेमकं मार्गदर्शन मला संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या छोट्या पुस्तकात मिळालं. मी प्रॉटेस्टंट घरातली. आमच्याकडे हे पुस्तक कुणी वाचत नसे, त्यामुळे ते हाती यायला मला पन्नाशी गाठावी लागली. १५२१ मध्ये तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला हा सैनिक पुढे मन्रेसा गावी महिनोन्‌महिने एकांतात राहिला. तिथे कधी आनंदाने भरून यायचं, कधी जीव नकोसा व्हायचा. त्या अनुभवातून त्याने नियम लिहिले, म्हणून त्यांना पुस्तकी वास नाही. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा: मन कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. मन शांत असताना जे ठरवलं होतं त्यालाच धरून राहावं. मंडळी सोडायची, लग्न मोडायचं, सेवेचा राजीनामा द्यायचा, हे सगळं अशाच काळात अगदी तर्कशुद्ध वाटू लागतं. ठरवायचंच असेल तर एवढंच ठरवा, की आत्ता काही ठरवायचं नाही. (मार खात असाल, जिवाला धोका असेल, तर ही गोष्ट लागू नाही. तिथून आधी बाहेर पडा.)

इग्नेशियस पुढे म्हणतात, कोरडेपणात प्रार्थना आटोपती घ्यावीशी वाटते, म्हणून ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसावं. मी याचं घरगुती रूप केलं. सकाळी पाच मिनिटं ठरवली आणि सहा मिनिटं बसले. त्यापेक्षा मोठं काही हाती घेतलं नाही, चाळीस दिवसांचा उपवास वगैरे तर मुळीच नाही. अशा वेळी माणूस देवाचं लक्ष वेधण्यासाठी शरीराला पिळू लागतो आणि आणखी ढासळतो. शब्द सुचत नसतील तर दुसऱ्याचे वापरा: प्रभूची प्रार्थना, रोझरी, एखादं स्तोत्र. दुसऱ्याच्या शब्दांत केलेली प्रार्थना खोटी होत नाही.

आणखी एक नियम गुप्ततेबद्दल आहे. आतला हा छळ लपवून ठेवावा असं आपल्याला वाटतं, आणि लपवण्यातूनच तो पोसला जातो, म्हणून जाणत्या माणसाला तो सांगावा. कुणाला सांगायचं ते मात्र पारखून घ्या. जो लगेच कारण सांगतो त्याला सांगू नका. ‘अमुक सभेला या, तमुक दान पेरा, मग आशीर्वाद मोकळा होईल’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच निरोप द्या. तुमच्या अंधारावर कुणी व्यापार करू नये. जो ऐकून घेतो, मध्ये गप्प बसू शकतो आणि पुढच्या आठवड्यात आठवणीने पुन्हा विचारतो, तो तुमचा माणूस. तो पाळक असेलच असं नाही.

कुणाकडेच जावंसं वाटत नसेल तरी उपासनेला जाणं तोडू नका. थोमाचा विचार करा. बाकीचे म्हणत होते आम्ही प्रभूला पाहिलं, आणि तो म्हणत होता जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. तरीही आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही आणि तोही रुसून निघून गेला नाही. प्रभू आला तेव्हा सापडला तो त्या खोलीत. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उचकटून खाली सोडलेला पक्षाघाती आहे. शुभवर्तमानकाराने लिहिलंय की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवर पडलेल्याने एक शब्दही उच्चारलेला नाही. काही महिने तुम्ही खाटेवर असाल. खाट इतरांनी उचलू द्या.

आता जवळच्या माणसांसाठी. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम तेवढंच. मग तोंड उघडलं आणि कारणं द्यायला सुरुवात केली: तू पाप केलं असशील, तुझ्या मुलांनी केलं असेल. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ईयोबाच्या कडवट शब्दांवर नाही, या मित्रांच्या नीटनेटक्या उत्तरांवर आहे. म्हणून शोकाच्या घरी जाताना डबा न्या, विजेचं बिल भरून या, लहान मुलांना तासभर बागेत न्या. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य घरी ठेवून जा. ते खरं असलं तरी ते बोलायचा हक्क ज्याचं दुःख आहे त्यालाच.

पाळकांना माझी एक विनंती आहे. वर्षातून एखाद्या रविवारी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्याने वाचा आणि लगेच त्याचं समाधान करू नका. क्षणभर शांत राहा. मागच्या बाकांवर कोण कोण मान वर करतं ते तुम्हाला दिसेल.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य आपण पराक्रमाची कथा म्हणून सांगतो. पण त्यांचं शेवटचं वर्ष मला अधिक जवळचं वाटतं. मुक्ती मिशनचं काम ज्या एकुलत्या एका मुलीच्या हाती सोपवायचं होतं ती मनोरमा १९२१ मध्ये गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. मधल्या काही महिन्यांत त्यांच्यासमोर पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम होतं, मूळ इब्री आणि ग्रीकवरून कितीतरी वर्षं चाललेलं. ते त्यांनी सोडलं नाही. मोठं दुःख झेलणाऱ्याला रोज हाताला असं काहीतरी ठरलेलं काम हवं. तुमच्यासाठी ते एखाद्या पोराचा अभ्यास घेणं असेल किंवा चर्चचं अंगण झाडणं असेल.

मागच्या बाकावर माझ्याशेजारी एक आजी बसायच्या. त्यांना माझं नाव ठाऊक होतं, बाकी बोलणं फारसं नव्हतं. पहिल्या काही रविवारी मी गीतपुस्तक उघडतच नसे. त्यांनी एकदाही ‘गा’ म्हटलं नाही. आपलं पुस्तक उघडायच्या, अर्धं माझ्याकडे सरकवायच्या, आणि आम्हा दोघींच्या मध्ये धरून रेव्हरंड टिळकांची गीतं एकट्याच, जरा बेसूर, मोठ्यानं म्हणायच्या. पुस्तक जड होतं, त्यांचा हात थरथरायचा. मग एका रविवारी मी त्याचं दुसरं टोक धरलं, केवळ ते पडू नये म्हणून.

त्या आता नाहीत. त्यांच्या जागी मी बसते. मागे कुणी नवीन, एकटं येऊन बसलं तर मी काही विचारत नाही. पुस्तक उघडते आणि मध्ये धरते.